आमचा कापश्या

गोष्टीतला ससा कधी आजारी पडत नाही. तो सिंहाला विहिरीत उडी मारायला लावतो, कासवाबरोबर शर्यत लावून झोपून जातो आणि चंद्रावरही जाऊन बसतो. म्हणून तर चंद्राला शशांक म्हणतात. आमच्या घरचा ससा मात्र नेहमी आजारी पडतो. त्याचे नाव कापश्या.

दोन वर्षांपूर्वी मामांनी तो परभणीच्या बाजारातून आणला. पांढराशुभ्र, जणू वेचून आणलेला कापूसच! पहिले काही महिने तो घरभर उड्या मारायचा. मग मागच्या वर्षीच्या मार्गशीर्षात एका सकाळी पाहिले तर तो पाठीची कमान करून कोपऱ्यात बसलेला. मेथीला तोंड लावले नाही. रात्रभरात एकही लेंडी टाकलेली नव्हती. दात मात्र करकर वाजवत होता. मला वाटले काहीतरी खातोय. नंतर कळले की पोटात दुखले की ससा असे दात वाजवतो. तो ओरडत नाही. रानात दुबळा दिसला की कोल्हा-कुत्रा त्यालाच धरतो, म्हणून दुखणे लपवायची त्याच्या जातीला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी तो बरा झाला. तीन आठवड्यांनी पुन्हा तसेच. मग पुन्हा.

घरात प्रत्येकाने कारण सांगितले. आजी म्हणाली, "दृष्ट लागली लेकराला." तिने नृसिंहाच्या देवळातला अंगारा त्याच्या कपाळाला लावला. काकू म्हणाल्या गारठा बाधला. दादा म्हणाला, "ह्यानंच काहीतरी खाऊ घातलं असंल." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण मी त्याला चोरून बिस्किटे देत होतो. मी कोणाला सांगितले नाही, पण त्या दिवसापासून बिस्किट बंद केले. तरी दुखणे आलेच.

शेवटी मामा आणि मी त्याला टोपलीत घालून पोखर्णीच्या स्टेशनवरून रेल्वेने परभणीला नेले. तिथे १९७२ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांनी त्याचे दात पाहिले. सशाचे दात जन्मभर वाढतात, आणि गवत चावून झिजले नाहीत तर वाकडे होऊन टोचतात. त्याचे दात ठीक होते. ताप नव्हता. लेंड्या तपासल्या, रक्त तपासले. सगळे ठीक! डॉक्टर म्हणाले, "कारण सापडत नाही."

मला रडू आले. मी म्हणालो, "कारणच नाही तर औषध कशाचं देणार?"

त्यांनी मला जवळ बसवून सांगितले, "ससा ओकू शकत नाही. त्याचं आतडं सारखं चालतं राहावं लागतं. अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर आतडं मंदावतं, वायू धरतो आणि जीवही जातो. कारण कळेपर्यंत थांबायचं नाही. आतडं चालू ठेवायचं." मग बिस्किटांचे मी त्यांना खरे सांगून टाकले. ते म्हणाले, "बिस्किट वाईटच. पण सगळा दोष तुझा नाही." त्यांनी दुखण्याचे औषध दिले, सुई नसलेल्या सिरिंजने पातळ चारा कसा भरवायचा ते शिकवले आणि रोजची वही ठेवायला सांगितली.

मी रोज वही लिहितो. गवत किती खाल्ले, पाणी किती प्यायला, लेंड्या मोठ्या की बारीक. आजी म्हणायची, त्याला अमावास्या बाधते. वही उघडून पाहिली तर चौदा महिन्यांत अकरा वेळा दुखले, त्यात अमावास्या एकदाच! आजी हसली, पण अंगारा अजून लावते. मीही नको म्हणत नाही.

उन्हाळ्यात बाबा वैतागले. "शेळी असती तर दूध तरी दिलं असतं. ह्याच्यापायी किती गाडीभाडं घालायचं? सोड त्याला रानात, गवत खाईल अन् राहील मजेत." मी सांगितले की रानससा वेगळा. त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्मतात. आपल्या पाळीव सशाची पिल्ले उघडी आणि आंधळी असतात. हा पांढरा ससा काळ्या रानात एक रात्र तरी टिकेल का? बाबा काही बोलले नाहीत. मी जुना माठ आडवा ठेवून त्यावर ओले गोणपाट टाकले. त्यात तो दुपारभर बसायचा.

दिवाळीआधी चाचणीच्या आदल्या रात्री त्याने पुन्हा खाणे सोडले. मी कंदील घेऊन बसलो. बाबा उठले आणि म्हणाले, "उद्या पेपर आहे तुझा. झोप जा. कसं भरवायचं तेवढं दाखव." पहाटे उठलो तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर कापश्या. वहीत त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले होते : "४ वाजता ७ लेंड्या."

कापश्याच्या दुखण्याला अजून नाव नाही. परवाच पुन्हा दुखले. तुमच्या घरी ससा असेल तर त्याला गवत भरपूर द्या, बिस्किट देऊ नका, आणि तो गप्प बसला तर खोड्या करत नाही म्हणून खूश होऊ नका. लगेच लेंड्या पाहा.

— इयत्ता सातवी