ग्योतोकुची गोलमेज

चाळिशी उलटल्यावर आम्ही नोकरीतून वर्षभराची रजा काढून पुन्हा विद्यार्थी झालो, आणि तेही कोस्टारिकात! नात्यागोत्यात बरीच करमणूक झाली. विषय होता पर्यावरण आणि शांतता. सौ. म्हणाल्या, "त्यासाठी इतक्या लांब कशाला? घरात बसून शांतता पाळा की."

कोस्टारिका म्हणजे छोटासा, दमट, कोकणासारखा हिरवागार देश. १९४८ साली त्यांनी सैन्यच मोडीत काढले आणि राजधानीतल्या लष्करी बराकीत पुढे राष्ट्रीय संग्रहालय केले. राजधानी सान होसेजवळ सिउदाद कोलोन येथे शांतता विद्यापीठ आहे, १९८० च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने स्थापन झालेले. दुपारी आभाळ फुटायचं, आणि आम्हाला सावंतवाडीची मावशी आठवायची.

एकदा वर्गात प्रत्येकाने आपल्या गावचा पाण्याचा वा जमिनीचा एखादा तंटा सांगायचा होता. आम्ही मूळचे मुलुंडचे, म्हणून हायवेपलीकडची मिठागरं सांगितली. शेजारी बसलेली जपानी मुलगी म्हणाली, "पण तुम्ही राहता ग्योतोकुला ना? मग सान्बान्झे का नाही सांगितलं?" आम्ही गप्प. सात वर्षं ग्योतोकुत राहिलो, पण त्या नावाचं स्टेशन तोझाई लाईनवर नाही. मग आम्हाला ते ठाऊक कसं असणार!

परत आलो आणि पहिल्याच रविवारी सायकली काढल्या. आमचं बिऱ्हाड शिओयाकीत. या नावाचा अर्थच मुळी 'मीठ भाजणे'. शेजारी होन्शिओ, पलीकडे शिओहामा, सगळीकडे 'शिओ', म्हणजे मीठच. एदोच्या शोगुनांचं मीठ इथून जाई. त्यासाठी ओनागी कालवाच खणला गेला. नदीकाठी १८१२ सालचा दगडी दीपस्तंभ अजून उभा आहे, निहोन्बाशीहून येणाऱ्या बोटींना उजेड दाखवणारा. म्हणजे मुलुंडची मिठागरं सोडून आम्ही आलो ते थेट दुसऱ्या मिठागरात!

तिथून उलट दिशेला, खाडीच्या बाजूला, पक्ष्यांचं राखीव रान आहे. शाही बदक-शिकारीची जागा धरून सुमारे ८३ हेक्टर. किनारा भरून काढताना लोकांनी भांडून वाचवलेला हा तुकडा. १९७६ चं जुनं निरीक्षणगृह २०१५ ला बंद झालं. २०२० पासून 'आइनेस्तो' नावाची नवी इमारत आहे. दुर्बिणीतून पाणकावळ्यांची वसाहत दिसते, नशीब असेल तर लाल पायांचा शेकाट्या. आमच्यातल्या इंजिनियरला मात्र भुरळ पडली ती इथल्या एका जुन्या खटपटीची. शेजारच्या ओढ्यातलं सांडपाणी पाणचक्कीने वर चढवून उथळ तळ्यांतून, गवतातून सावकाश फिरवत खाली सोडायचं. गाळ बसतो, बाकीचं काम जिवाणू करतात. असले डिझाइन आम्ही ऑफिसात मांडले असते तर हसले असते!

त्यापलीकडे सान्बान्झे, टोकियोच्या उपसागरातली सुमारे १८०० हेक्टरची उथळ खाडी. तिची कहाणी मारामारीपासून सुरू होते. १९५८ च्या जूनमध्ये एका कागद कारखान्याच्या काळ्या पाण्याने मासे आणि शिंपले मेले. शेजारच्या उरायासूचे कोळी कारखान्यात घुसले, पोलिसांशी झटापट झाली, डोकी फुटली. त्याच वर्षाअखेर जपानचे पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचे पहिले कायदे झाले. उरायासूच्या कोळ्यांनी मात्र १९७१ पर्यंत मासेमारीचे सगळे हक्क सोडून दिले. त्यांच्या भरून काढलेल्या समुद्रावर आज डिस्नेलँड आहे. पोरांना घेऊन आपण सगळेच तिथे जाऊन आलोय, आम्ही चारदा.

सान्बान्झेचेही ७४० हेक्टर भरायचे होते. विरोध वाढला, १९९९ साली आकडा १०१ वर आला, आणि २००१ मध्ये नव्या गव्हर्नर दोमोतो आकिको यांनी योजनाच मागे घेतली. इथवर सगळीकडे घडते तसेच घडले. खरी गंमत पुढची. २००२ पासून दोन वर्षे कोळी, रहिवासी, पक्षीवाले आणि प्राध्यापक यांना एका टेबलाभोवती बसवलं. नावच 'गोलमेज'! दारं सर्वांना उघडी. कोळ्यांना शिंपल्यांसाठी वाळू हवी, रहिवाशांना गंजलेल्या बंधाऱ्याची भीती, पक्षीवाल्यांना एक इंचही भराव नको. सगळ्यांचं समाधान झालं नाहीच. पण १९५८ ला जे दगडांनी बोलले गेले ते या वेळी माइकवरून बोलले गेले. आम्ही कोस्टारिकात फी भरून जे शिकलो, ते घरापासून सायकलवर वीस मिनिटांवर होऊन गेले होते.

बंधाऱ्यावर उभे राहिलो तेव्हा ओहोटी होती. लांबवर नोरीच्या शेतीचे खांब दिसत होते. सौ. म्हणाल्या, "आपल्याकडची मिठागरं आता घरांसाठी जाणार ना?" खरं आहे. २०२४ मध्ये मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे २५५ एकर मिठागरं धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचा निर्णय झाला. धारावीकरांनाही घर हवंच, म्हणून तर हा तंटा अवघड.

रात्री मुलुंडला दादांना फोन लावला. विचारलं, तिथले आगरी-कोळी, धारावीवाले, सोसायट्यांवाले कुणी एकत्र बसवलेत का?

दादा म्हणाले, "अरे, इथे सोसायटीच्या मीटिंगला कोरम होत नाही."