घडी घालावी ती एमआयडीसीतल्या लेकीसुनांनी

पहाटेचे साडेपाच वाजले होते. डिसेंबरची थंडी चांगलीच झोंबत होती. बारामतीच्या एमआयडीसीत, भिगवण रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीपाशी आमची दौऱ्याची गाडी उभी होती. हिवरे बाजार, राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि पुढे जळगाव, असा चार मुक्कामांचा शेतकरी अभ्यासदौरा होता. मंडळी बत्तीस, त्यांत अकरा जोडपी. कोणी मोटारसायकलवर, कोणी दुधाच्या गाडीत बसून, तर कोणी आपे रिक्षातून येत होते.

या आपे रिक्षेचे जन्मगाव हेच. पियाजिओ ही इटलीची कंपनी; तिचा कारखाना इथे आहे आणि २०१२ पासून तिथे व्हेस्पा स्कूटरही तयार होते. तिकडच्या भाषेत आपे म्हणजे मधमाशी आणि व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. नाव शोभते खरे. दहा माणसे, दोन शेळ्या आणि कांद्याची चार पोती घेऊन ही मधमाशी चढाला लागली की आवाजही तसाच येतो.

ज्यांनी बारामती तालुका पूर्वीपासून पाहिला आहे, त्यांना हा भाग सांगायला नको. नीरेच्या अंगाला १८८५ पासून डाव्या कालव्याचे पाणी, ऊस, हिरवेगार मळे. आणि उत्तरेकडे जिरायत माळ, ज्वारी आली तर आली. अशा माळाच्या बाजूला आज दुधापासून चीज आणि पावडर करणारा कारखाना आहे, वाहनांचा आहे, आणि कपडे शिवणाऱ्या कारखान्यांचे टेक्स्टाईल पार्कही आहे. तिथे कामाला येतात त्या बहुतेक आजूबाजूच्या गावांतल्या लेकीसुना. सकाळची भाकरी थापून, जनावरांचे शेण काढून त्या पाळीला हजर होतात. कृषी खात्याच्या नोकरीत माझी अठ्ठावीस वर्षे गेली, पण प्रवासाची बॅग भरायला मी शिकलो तो यांतल्याच एका सुनेकडून. ते शिकण्याची वेळ का आली, ते आधी सांगतो.

आदल्या वर्षीच्या दौऱ्याची गोष्ट. गाडी याच टपरीपासून निघाली. दौंड सोडून आम्ही भीमा ओलांडली आणि नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रस्त्याला लागलो. खिडकीतून गार वारा आणि धूळ येत होती. साठीच्या एका शेतकऱ्याला दम लागला. त्यांना जुना दमा. पंप कुठे आहे म्हणून विचारले, तर बॅगेत. आणि बॅग गाडीच्या डिकीत, सगळ्यांच्या खाली. गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला एकेक बॅग उतरवू लागलो, तर अर्ध्याअधिक बॅगा काळ्या आणि एकसारख्या! दोन चुकीच्या उघडल्या. तिसरी त्यांची निघाली, तर पंप काही सापडेना. मुलाने बॅग भरली होती, मोठ्या मायेने भरली होती. पंप हरवू नये म्हणून त्याने तो आतल्या चेनच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला होता. सात-आठ मिनिटे गेली असतील. त्यांची मंडळी नवऱ्याची पाठ चोळत एवढेच म्हणत होती, "बॅग मी भरली असती तर पंप माझ्या हातपिशवीत असता हो साहेब."

पंप घेतल्यावर त्यांना बरे वाटले, पुढचा दौराही त्यांनी पुरा केला. पण मला झोप लागेना. दौऱ्याला येताना काय आणायचे त्याची यादी मीच छापून वाटली होती. टोपी, वही, पेन, आधार कार्डाची झेरॉक्स, सगळे तिच्यात होते. औषध हाताशी ठेवा, हे एक वाक्य नव्हते.

यंदा निघण्याच्या आठ दिवस आधी आम्ही गावच्या मंदिरात बैठक घेतली. मी प्रत्येकाला भरलेली बॅग घेऊनच बोलावले. आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराची सून टेक्स्टाईल पार्कात पॅकिंगला आहे. सासू-सासरे दौऱ्याला येणार म्हणून तीही आली होती. सासऱ्यांची बॅग बघून ती हसली आणि म्हणाली, "काका, हे खोकं आमच्याकडं माघारी आलं असतं." मी म्हटले, "मग सूनबाई, तूच दाखव." तिने सतरंजीवर सगळे ओतले आणि सुरुवात केली.

पहिले काम निवडीचे. हे आमच्या द्राक्षवाल्या मंडळींना लगेच पटले. निर्यातीची पाच किलोची पेटी भरताना बाया आधी कात्रीने फुटका, बारका, डागी मणी काढतात, मग घड डब्यात बसवतात. पेटी भरायला वेळ लागत नाही, निवडायला लागतो. तसेच चार दिवसांसाठी काढलेले सहा सदरे, तीन लेंगे आणि लग्नातली शाल यांतले निम्मे तिने बाजूला सारले. अंगावर एक जोड, बॅगेत दोन, एक स्वेटर. धुतलेले पातळ सुती कापड रात्रीत वाळते, ही गोष्ट पंढरीच्या वाटेवर दर आषाढीला बारामती-इंदापूरवरून जाणारे वारकरी आपल्याला दाखवतातच. भिगवणला हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना तर तीही पिशवी लागत नाही, पण ते जाऊ द्या.

मग घड्या. सदऱ्यांची चळत आपण सगळ्या कॉलरी एकाच बाजूला ठेवून लावतो. त्यामुळे एक बाजू फुगते, दुसरी बसते आणि मधली कापडे घसरून चुरगळतात. कारखान्यात एक कॉलर इकडे, तर दुसरी तिकडे ठेवतात. चळत सपाट राहते आणि तेवढ्याच जागेत एखादा सदरा जास्त मावतो. साडीची घडी बॅगेच्या रुंदीएवढीच घालायची, म्हणजे कडेला मुडपत नाही. टॉवेल, बनियन, स्वेटर यांच्या घट्ट गुंडाळ्या करून त्या कोपऱ्यांत आणि फटींत सारायच्या. "खोक्यात पोकळी राहिली की माल हलतो, हलला की चुरगळतो," ती म्हणाली. घडीच्या मध्ये वर्तमानपत्र घालू नये. शाई पांढऱ्या कापडाला लागते.

जड वस्तू कुठे ठेवायच्या, यावर थोडा वाद झाला. बॅग आडवी ठेवून भरतो, पण ती चालते उभी. चपलांचा जोड, टॉर्च, चार्जर वरच्या अंगाला असले की बॅग उभी करताच सगळे खाली येऊन कपड्यांवर आदळते. म्हणून जड ते चाकांच्या बाजूला. इतकी वर्षे प्रवास करून हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

खाण्याचे मात्र आमच्या काकू मंडळींनी कोणाचे ऐकले नाही, आणि त्यांचेच बरोबर होते. दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिळाचे लाडू हे निराळ्या कापडी पिशवीत, हातात. तेलाचे लोणचे नकोच. एका दौऱ्यात बरणी कलंडून माझा पांढरा लेंगा पिवळा झाला, तो आजतागायत पिवळाच आहे.

मला सर्वांत आवडली ती तिची चिठ्ठी. कारखान्यातल्या प्रत्येक खोक्याला आत काय आणि किती, याची यादी असते. तशी एक चिठ्ठी बॅगेच्या झाकणाला आतून लावायची. तिच्यावर वस्तू, नग, आपले नाव, गाव आणि घरचा फोन. मुक्काम सोडताना त्यावर नजर टाकली की चादर, चष्मा मागे राहत नाही. बाहेरून मुठीला जुन्या साडीची रंगीत चिंधी बांधायची, म्हणजे डिकीतल्या काळ्या बॅगांत आपली लांबूनही ओळखू येते. औषधे, चष्मा, पैसे, पाण्याची बाटली मात्र बॅगेत नाहीच. ती अंगावर किंवा मांडीवरच्या पिशवीत.

माझी भर एकच होती आणि ती मी जरा कडक आवाजातच घातली. येताना बॅगेत जागा उरली म्हणून कोणाच्या बागेतली काडी, कलम, माती आणायची नाही. डाळिंबाचा तेल्या रोगट रोपांबरोबर गावोगाव फिरतो, हे इंदापूरच्या डाळिंबवाल्यांना मी सांगायला नको. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले गाजर गवत परदेशी गव्हाबरोबर आले असे मानतात. ते आज प्रत्येक बांधावर आहे. रोप हवे तर ते खात्रीच्या रोपवाटिकेतून, पावती घेऊन आणावे.

बैठक संपली तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पुरुषांच्या सगळ्या बॅगा घरच्या बायांनी नाहीतर मुलांनी भरलेल्या होत्या. आणि अकरा बायांपैकी सात जणींकडे स्वतःची बॅगच नव्हती. नवऱ्याच्या बॅगेत एका कडेला एक साडी, नाहीतर हातात खताच्या दुकानाची पिशवी. मी म्हटले, यंदा ज्याची बॅग त्यानेच भरायची आणि प्रत्येकीची बॅग वेगळी. पुरुषमंडळी थोडी कुरकुरली. एका दादांना आपला स्वेटर घरात कुठे असतो हेच ठाऊक नव्हते.

तर त्या पहाटे टपरीपाशी बॅगा लागल्या. डिकी भरायला पाऊण तास लागायचा, तो वीस मिनिटांत आटोपला. मुठींना लाल, हिरव्या, जरीच्या चिंध्या. दम्याचे ते काका यंदाही आले होते. मी विचारायच्या आत त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पंप काढून दाखवला. मागून त्यांची मंडळी म्हणाली, "दुसरा माझ्या पिशवीत आहे, साहेब." तिच्या खांद्याला नवी निळी बॅग होती, बाजारातली नव्हे, चांगली दुकानातून घेतलेली.

तेवढ्यात पहिल्या पाळीची गाडी आली. आमची सूनबाई उतरली, सासूच्या बॅगेची चेन एकदा ओढून पाहिली आणि डबा सावरत कारखान्याच्या फाटकाकडे धावली. भोंगा व्हायला पाचच मिनिटे उरली होती.