दाद

मुलाच्या मोबाइलवर हेवी मेटल लागलं की मी ओरडायचो, "बंद कर तो गोंगाट!" पाचोऱ्यातला उर्दू-मराठीचा शिक्षक मी, माझे कान मुशायऱ्यात घडलेले. एकदा त्याने मला बसवून ब्रूस डिकिन्सनचा 'स्क्रीम फॉर मी ब्राझील' ऐकवला. आयर्न मेडनच्या या गायकाचा हा स्वतःच्या नावावरचा लाइव्ह अल्बम, १९९९ सालचा, साओ पावलोतला. नावातच श्रोत्यांकडे आरोळीची मागणी! दादीशिवाय आपला शायर तरी कुठे खुलतो? हाच गायक डिसेंबर १९९४ मध्ये बोस्नियात, वेढा पडलेल्या सारायेव्होत जाऊन गायला होता. तिथल्या पोरांसाठी ओरडणं म्हणजे आपण जिवंत आहोत हे सांगणंच असेल.

परवा मुलाने विचारलं, "अब्बा, आवाज कम करूं?"

म्हटलं, "रहने दे."