पनवेलची केतुबा

पनवेल म्हटले की आपल्याला आठवतो तो एस्.टी. स्थानकावरचा चहा आणि पुढचा घाट! पण थोडे जुन्या गावात शिरावे. तिथे १८४९ साली बांधलेले ‘बेथ एल’, म्हणजे ‘देवाचे घर’, उभे आहे. बेने इस्रायल मंडळी आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’च म्हणत आली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, नवगावकर, केहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली. आणि घरातली बोली आपलीच मराठी.

या समाजातल्या एका आजींनी ट्रंकेतून आपली केतुबा, म्हणजे विवाहपत्र, काढून मला दाखवली. भोवती वेलबुट्टी, वर दोन पाखरे, खाली समोरासमोर दोन मासे.

“आजी, मासे कशाला?”

“अरे, मासळीसारखी भरपूर पोरंबाळं व्हावीत म्हणून!”

मजकुराची लिपी हिब्रू, भाषा अरामी. वधूवरांची आणि त्यांच्या वडिलांची नावे, गाव, सृष्टीच्या आरंभापासून मोजलेले वर्ष आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. आपली लग्नपत्रिका महिन्याभरात रद्दीत जाते. केतुबा मात्र लग्नात मोठ्याने वाचतात आणि वधूच्या स्वाधीन करतात. नवऱ्याने बायकोचे अन्नवस्त्र चालवावे, काडीमोड झाली किंवा तो आधी गेला तर तिला ठरलेली रक्कम मिळावी, असा हा रोखठोक करार. ती हरवली तर दुसरी लिहून होईपर्यंत नवराबायकोने एकत्र राहू नये, असे त्यांचे धर्मशास्त्र सांगते. कडेची नक्षीही नुसती शोभेची नव्हे. कोरी जागा उरली नाही, की मागाहून कुणाला काही घुसडता येत नाही!

१९४८ नंतर कोकणातली कितीतरी कुटुंबे इस्रायलला गेली. तिथे १९६२च्या सुमारास धर्मगुरूंनी फर्मावले, की बेने इस्रायलांचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. शतकानुशतके शनिवार पाळलेल्या माणसांना हे किती झोंबले असेल! त्यांनी जेरुसलेमात धरणे धरले. अखेर १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच असल्याचे जाहीर केले.

पनवेलमध्ये आता ही घरे थोडी उरली आहेत. ज्या लेकीसुना समुद्रापार गेल्या, त्यांच्या सामानातून केतुबाही गेल्या. परक्या मुलुखातल्या एखाद्या कपाटात आज अशी केतुबा असेल, तर तिच्यावर हिब्रू अक्षरांत आपल्या कोकणातल्या गावाचे नाव असेल.