नऊ मिलिमीटर आणि पंचवीस मिलिमीटर

टेबलावर दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले आहेत, दोन्ही सोनीचे. डावीकडचा २०१४ साली आलेला आरएक्स १०० मार्क ३. बॅटरी आणि कार्ड धरून वजन २९० ग्रॅम, सहज खिशात जाणारा. उजवीकडचा २०१८ चा अल्फा ७ मार्क ३, आणि त्यावर बसवलेली २४-७० मिलिमीटरची जी मास्टर झूम लेन्स. कॅमेरा ६५० ग्रॅम आणि लेन्स एकटी ८८६ ग्रॅम, म्हणजे गळ्यात दीड किलोहून जास्त. दोघांची माहितीपत्रकं समोर ठेवली तर आकडे मात्र जुळ्या भावांसारखे दिसतात. झूम २४ ते ७०. लांबच्या टोकाला ॲपर्चर एफ २.८, आणि रुंद टोकाला तर लहानग्याचं एफ १.८, मोठ्यापेक्षा सरस. एक २० मेगापिक्सेलचा, दुसरा २४ चा. कार्यशाळेत हे दोन कॅमेरे हातोहात फिरले की कुणीतरी विचारतंच: मग पाचपट वजन वाहायचं कशासाठी?

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर माहितीपत्रकात छापलेलं नसतं, पण दोन भागाकार केले की मिळतं.

एफ-नंबर म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप नव्हे. लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागलं की येतं ते हे गुणोत्तर. मोठ्या लेन्सचे ७० मिलिमीटर भागिले २.८ केले की व्यास निघतो २५ मिलिमीटर. लहान कॅमेऱ्यावरचे ७० मात्र खरे नाहीत. ते फक्त दृश्यकोन तेवढा आहे असं सांगतात. त्याच्या लेन्सचं खरं नाभीय अंतर त्या टोकाला २५.७ मिलिमीटर आहे. त्याला २.८ ने भागलं तर छिद्र उरतं सुमारे ९ मिलिमीटरचं. एक छिद्र दोन रुपयांच्या नाण्याएवढं, दुसरं शर्टाच्या बटणाएवढं. क्षेत्रफळात पाहिलं तर एकातून दुसऱ्याच्या सुमारे ७.४ पट प्रकाश आत येतो. आणि सेन्सरचं क्षेत्रफळ? मोठ्या कॅमेऱ्याचा फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. लहानाचं १३.२ गुणिले ८.८, म्हणजे ११६. पुन्हा तेच गुणोत्तर, ७.४. हा योगायोग नाही. पाचपट वजन त्या नाण्यासाठी आहे.

इथे ‘एक इंच सेन्सर’ या नावाबद्दल बोलायलाच हवं. आरएक्स १०० च्या सेन्सरला हेच नाव आहे, आणि त्यात एक इंच लांबीचं काहीही नाही. त्याचा कर्ण १६ मिलिमीटरच्या आसपास आहे. हे नाव टेलिव्हिजनच्या जुन्या कॅमेऱ्यांमधून आलं. त्यांत व्हिडिकॉन नावाची काचेची नळी असे आणि नळीचा बाहेरचा व्यास इंचात सांगत. एक इंच व्यासाच्या नळीत चित्र उमटायला जागा मिळे ती जेमतेम १६ मिलिमीटर कर्णाची. नळ्या गेल्या, नाव राहिलं. ते केव्हाच टाकून द्यायला हवं होतं. पैसे देऊन वस्तू घेणाऱ्याला तिचं खरं माप कळायला हवं, ते मिलिमीटरमध्ये छापायला कुणाची हरकत असू नये.

खिशातला कॅमेरा आणि मोठा कॅमेरा यांच्यातली ही दरी पूर्वी नव्हती. ऑस्कर बार्नाक हा जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्स कंपनीत काम करणारा तंत्रज्ञ. त्याला दम्याचा त्रास होता, आणि त्या काळचे काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगर चढणं त्याला जमत नसे. सिनेमाच्या फिल्मवरची चौकट होती १८ गुणिले २४ मिलिमीटर. त्याने फिल्म आडवी धावती केली, दोन चौकटींची एक केली, आणि २४ गुणिले ३६ चं माप जन्माला आलं. १९१४ च्या सुमारास नमुना तयार होता, १९२५ मध्ये लायका बाजारात आला. आज ज्याला आदराने ‘फुल फ्रेम’ म्हणतात, त्याला जर्मन भाषेत ‘लहान चित्र’ असंच नाव पडलं होतं.

त्यानंतर किती तरी वर्षं ही फिल्म सगळ्यांची होती. १९६६ चा रोलाय ३५ किंवा १९७९ चा ऑलिंपस एक्सए खिशात घालून फिरणारा माणूस आणि मोठा एसएलआर घेतलेला वृत्तपत्राचा छायाचित्रकार एकाच दुकानातून तोच रोल घेत. धुऊन आलेली निगेटिव्ह सारख्याच मापाची असे. योशिहिसा मैतानी यांनी आखलेला एक्सए तर सरकत्या झाकणाचा, केसशिवाय खिशात टाकायचा कॅमेरा, आणि आत पूर्ण २४ गुणिले ३६. डिजिटल युगात मात्र सेन्सर ही कॅमेऱ्यातली महागडी वस्तू ठरली, आणि महाग वस्तू लहान कापणं ओघानेच आलं. फिल्म बदलता येत होती. सेन्सर कॅमेऱ्यात कायमचा बसला.

आता अल्फा ७ सारख्या मिररलेस, म्हणजे एसएलआरमधला आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांबद्दलचा एक गैरसमज. आरसा काढला की सगळंच लहान होतं असं अनेकांना वाटतं. कॅमेरा लहान होतो, हे खरं. आरशाला हलायला जागा लागायची म्हणून निकॉनच्या जुन्या एफ माउंटवर लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यात ४६.५ मिलिमीटर अंतर होतं, २०१८ च्या झेड माउंटवर ते १६ वर आलं. पण ४३ मिलिमीटर कर्णाचा सेन्सर कोपऱ्यापर्यंत उजळवायचा, आणि तोही २५ मिलिमीटरच्या छिद्रातून, तर तेवढी काच लागणारच. आरसा असो वा नसो.

मग खिशातल्या कॅमेऱ्याने काय करावं? पुष्कळ काही. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढत असते तेव्हाचं उदाहरण घेऊ. एखाद्या वर्षी पाऊस ओढ देतो, ऊन माथ्यावर असतं. वारकऱ्याची टोपी पांढरीशुभ्र, सदरा पांढरा, आणि टोपीखालचा रापलेला चेहरा सावलीत बुडालेला. चेहरा धरावा तर टोपी फटफटीत होते, टोपी धरावी तर डोळे दिसत नाहीत. इथे थोडासा फ्लॅश हवा. आरएक्स १०० चं शटर लेन्समध्येच असतं, पाकळ्यांसारखं उघडणारं. त्यामुळे भर उन्हातल्या वेगवान शटरलाही फ्लॅश साथ देतो. एफ ५.६, सेकंदाचा हजारावा भाग, चेहरा मीटरभर अंतरावर, आणि कॅमेऱ्यातला तो इवलासा फ्लॅश पुरतो. अल्फा ७ चं शटर सेन्सरसमोरून सरकणाऱ्या पडद्यांचं. फ्लॅशशी त्याची गाठ सेकंदाच्या अडीचशेव्या भागापर्यंतच नीट पडते. म्हणजे ॲपर्चर एफ ११ पर्यंत बंद करायचं आणि मग त्या अंतरावरही चौपट जोरदार फ्लॅश वर बसवायचा. त्यापेक्षा जास्त वेगात चालणारे फ्लॅश मिळतात, पण त्यांचा जोर त्या वेगात बराच घटतो. प्रस्तुत लेखकाच्या पेटीत वारीतले जे जवळचे, ओळखीच्या माणसासारखे पाहणारे चेहरे आहेत, त्यातले बहुतेक या लहान कॅमेऱ्याचे आहेत. आवाज नाही, समोर काचेचा डोळा रोखलेला नाही. माणूस टाळ वाजवत राहतो.

रिंगणात उलट होतं. चांदोबाच्या लिंबाला अश्व दौडत येतो तेव्हा निर्णय घ्यायला दोन-तीन सेकंद असतात. अल्फा ७ मार्क ३ च्या सेन्सरवर फेज डिटेक्शनचे ६९३ बिंदू आहेत. वस्तू किती पुढे सरकली हे त्यांना थेट मोजता येतं. जुना आरएक्स १०० फोकस पुढेमागे करून चाचपडत बसतो, तोवर अश्व निघून गेलेला असतो. लहान कॅमेऱ्यांच्या याच मालिकेत २०१६ च्या मार्क ५ ला ही सोय मिळाली. तरी धावत्या अश्वासाठी मोठाच हवा.

आणि दिवाळीच्या रात्री तर हवाच. अंगणात पणत्यांची रांग, त्यापलीकडे वाकून वात सारणारी आजी, झूम लांबच्या टोकाला. समजा मोठ्या कॅमेऱ्यावर एफ २.८, सेकंदाचा साठावा भाग आणि आयएसओ ६४०० ठेवावा लागला. फोटोत थोडा रवा, म्हणजे दाणेदारपणा, दिसेल, पण आजीच्या गालावरच्या सुरकुत्या शाबूत राहतील. लहान कॅमेऱ्यावर हेच तिन्ही आकडे ठेवले तर उजेड सारखाच दिसेल, पण प्रकाश गोळा झाला ७.४ पट कमी. मोठ्यावर आयएसओ ४७,००० च्या आसपास ठेवावा तसा रवा येईल. सुरकुत्या जातील, नऊवारीचा काठ डागाळेल. अंगणाकडे तोंड केलेल्या आजीला जवळून, रुंद टोकाला एफ १.८ वर टिपलं तर हा फरक तीन पटींवर येतो. खिशातला कॅमेरा रात्री वापरायचा असेल तर झूम करू नये, दोन पावलं पुढे जावं.

जेजुरीला सोमवती अमावस्येला मात्र दोन्ही कॅमेरे सारखेच धोक्यात असतात. उधळलेला भंडारा पिठापेक्षा बारीक. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स तिथे बदलणं म्हणजे सेन्सरवर हळद पेरणं. खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स बदलावी लागत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो, पण तिची नळी दर वेळी बाहेर येते आणि परत आत जाताना कडेवर बसलेली पूड घेऊन जाते. आत गेलेला कण घरी फुंकरीने निघत नाही. प्रस्तुत लेखकाचा एक जुना खिशातला कॅमेरा असाच कायमचा पिवळा ठिपका घेऊन बसला. आता तिथे लहान कॅमेरा पारदर्शक पिशवीत जातो, आणि मोठ्यावर एकच लेन्स घरून चढवून नेली जाते.

मोबाइल असताना खिशातला कॅमेरा हवाच कशाला, हा प्रश्न बाजाराने आधीच विचारून झाला आहे. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले गेले, २०२३ मध्ये जेमतेम ७७ लाख. त्या लाटेत वाहून गेले ते मुख्यतः नखाएवढ्या सेन्सरचे स्वस्त कॅमेरे. टिकले ते रिकोच्या जीआर ३ सारखे. वजन २५७ ग्रॅम, एकच २८ मिलिमीटरच्या दृश्यकोनाची लेन्स, आणि सेन्सर मात्र आरएक्स १०० च्या तिपटीहून मोठा. झूम सोडून दिली तर खिशात एवढं बसतं.

कुटुंबांना सल्ला देताना सर्वाधिक हळहळ वाटते ती एका ठरावीक खरेदीची. घरात लग्न किंवा बारसं आहे म्हणून फुल फ्रेम घेतला जातो, खर्च कॅमेऱ्यावरच संपतो, आणि त्यावर राहते सोबत आलेली २८-७० ची किट लेन्स, एफ ३.५ ते ५.६. आता तोच भागाकार करा. ७० भागिले ५.६ म्हणजे साडेबारा मिलिमीटर. खिशातल्या कॅमेऱ्याचं छिद्र ९ चं. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली या दोघांत एका स्टॉपचाही, म्हणजे दुप्पट प्रकाशाचाही, फरक उरत नाही. दिवसा मोठा सेन्सर जास्त प्रकाश साठवतो, सावलीतला तपशील जास्त देतो, हे खरं. पण लग्नं रात्रीही लागतात. याच कॅमेऱ्यासाठी ५० मिलिमीटर एफ १.८ ची १८६ ग्रॅमची साधी लेन्स मिळते, आणि तिचं छिद्र जवळपास २८ मिलिमीटर. जी मास्टरपेक्षाही मोठं. झूम नाही, लेन्सला मिरवण्यासारखं रूप नाही, किंमत त्या महागड्या झूमच्या कितीतरी खाली. किट लेन्स बाजूला ठेवून ही घ्यावी असं सांगितलं की दुकानातून परत येणारे बरेच जण पुन्हा कॅमेराच बदलून मोठा घ्यावा का, असं विचारतात. नको. लेन्स घ्या.

वारीचे आणि दिवाळीचे फोटो गेल्या वर्षी एकत्र छापायचे होते. दिवे घाटातले चेहरे आरएक्स १०० चे, ५,४७२ पिक्सेल रुंदीचे. ते ए-थ्री कागदावर इंचाला तीनशेहून जास्त बिंदूंनी निघाले आणि शेजारच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोंपासून वेगळे ओळखू आले नाहीत. पणत्यांचा एक फोटो मात्र लहान कॅमेऱ्याने, झूम करून घेतलेला होता. मोठा कॅमेरा त्या वेळी वरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. आजी हसत होती, तो फोटो सोडवेना. तो आठ बाय बारा इंचांवर छापला, आणि भिंतीवर टांगताना त्याच्या चौकटीभोवती पांढरी जागा जास्त सोडली.