घाटाखालची नावे

कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून इंजिने जोडतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढच्या चढात ३७ फुटांमागे एक फूट वर जायचे असते. मागून रेटा मिळाल्याशिवाय अशी गाडी घाट चढत नाही. तेवढ्या वेळात फलाटावर वडापाव होतो, चहा होतो आणि गाडी हलली की अख्खा डबा दरीच्या बाजूला सरकतो.

मला यावेळी घाट चढायचा नव्हता. मी खोपोलीची लोकल पकडली. आमचा खापरपणजोबा घाटाच्या कामासाठी देशावरून खाली उतरला आणि खालापुराच्या बाजूला राहिला, एवढेच आमच्या घरात सांगत आले आहेत. श्राद्धाला तीन पिढ्यांची नावे घेतो. ती पणजोबापाशी संपतात. त्याच्यामागे घाट आहे, पण नाव नाही.

पळसदरीला रूळ फुटतात. डावीकडचे ठाकूरवाडी, मंकी हिल करत खंडाळ्याला चढतात. आमची लोकल केळवली, डोलवली, लौजी अशी निवांत जाते. आज हा आडफाटा वाटतो, पण वयाने थोरला तोच. १२ मे १८५६ ला गाडी खोपोलीपर्यंत आली. पुढे सह्याद्रीची भिंत. प्रवासी इथे उतरायचे आणि पालखीतून, तट्टावरून किंवा पायी, १८३० साली खुल्या झालेल्या घाटरस्त्याने खंडाळा गाठायचे. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेले तळे आणि वीरेश्वराचे देऊळ त्या साऱ्यांनी पाहिले असणार. माझ्या खापरपणजोबानेही.

रेल्वेचा बोरघाट १८५६ ला सुरू झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले, कंत्राटदार फॅव्हिएल. १८५९ साली थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले, दंगा झाला आणि फॅव्हिएलने काम सोडले. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला. तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्याकडे घेतले आणि दोन अभियंते नेमून तडीस नेले. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. १८६१ मध्ये घाटात ४२ हजारांवर माणसे राबत होती. पटकीची साथ आली की तळ ओस पडायचे. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरने मार्गाचे उद्घाटन केले.

अ‍ॅलिसबाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. परक्या मुलखात नवरा गमावलेल्या बाईने एवढे काम पेलले, हे लहान नाही. पण त्याच डोंगरात डोक्यावर दगडमातीच्या पाट्या घेऊन बायकाही चालत होत्या आणि त्यांतल्या एकीचेही नाव मला कुठे वाचायला मिळालेले नाही. मजूर मुकादमाच्या टोळीत मोजला जाई. कंपनीला आकडा पुरत होता.

नाव न लिहिण्याची ही रीत एकट्या बोरघाटाची नव्हती; याच काळात अमेरिकेतही तेच चालले होते. तिथल्या १८५० च्या जनगणनेने पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले, म्हणून गोऱ्या अमेरिकनाला आपला त्या काळचा पूर्वज घरबसल्या सापडू शकतो. गुलामांची यादी मात्र वेगळी होती: वय, लिंग, वर्ण आणि वर मालकाचे नाव. त्यांची नावे बहुतेक १८७० च्या जनगणनेतच प्रथम उमटली. त्यामागे जाऊ पाहणारी कृष्णवर्णीय कुटुंबे आजही तिथेच अडतात. १८६१ ला तिथे यादवी युद्ध पेटले, त्या गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बोरघाटाचे रूळ ऐन त्या तेजीत जुळले. तिकडे शेतात आणि इकडे डोंगरात राबणारी माणसे एकाच बाजाराला जोडलेली होती, आणि त्या बाजाराच्या वह्यांत दोघांनाही नाव नव्हते.

म्हणून मी रेल्वेचा नाद सोडला आणि जमिनीच्या मागे लागलो. सरकारला सारा वसूल करायचा असतो, त्यामुळे कुळाचे नाव लिहावेच लागते. खालापूरच्या कचेरीत जुन्या नोंदवह्या मोडी लिपीत आहेत. २०२३ पासून मराठा आरक्षणासाठी चाललेल्या कुणबी नोंदींच्या शोधामुळे अशा दप्तरांवरची धूळ राज्यभर झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मान आला. असेच एक निवृत्त गुरुजी माझ्यासोबत होते. त्याच दप्तरातल्या जन्ममृत्यूच्या वहीत एका ओळीवर त्यांचे बोट थांबले. पणजोबाचा मृत्यू. नाव, पुढे ‘वलद’ आणि मग बापाचे नाव.

ते नाव आमच्या घरात पुढे कुणालाच ठेवलेले नाही. गुरुजींकडून मी ते पुन्हा वाचून घेतले आणि बाळबोधीत लिहून घेतले.

तो घाटावरच्या कोणत्या गावचा, ते त्या ओळीत नाही. खालापूर तेव्हा ज्यात मोडायचे तो कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात गेला, आणि १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला. तेव्हा १८९१ आधीची दप्तरे अलिबागेत शोधण्यापूर्वी ठाण्याला जायला हवे, आणि तिथे धागा तुटला तर मुंबईत काळाघोड्याच्या पुराभिलेखागारात. गुरुजींनी ठाण्याला यायचे कबूल केले आहे. पावसाळा संपला की निघणार आहोत.