सीतेची वेणी म्हणजे बांडगूळ नव्हे

आंबा उतरवून झाला की आमच्या बागेत बांडगूळ काढायचं काम निघतं. त्या दिवसांत मी झाडाखालून हलत नाही. गडी कोयता घेऊन वर चढला की फांदीवर परकं दिसेल ते सगळं छाटत सुटतो, आणि नेमका तोच सीतेच्या वेणीच्या, म्हणजे झाडावर वाढणाऱ्या एका ऑर्किडच्या, बहराचा काळ. ‘हे पण काढू ना?’ म्हणून वरून हाक आली की मी आधी विचारते, मुळं कुठे आहेत?

खरा फरक मुळांतच आहे. बांडगुळाचं मूळ साल फोडून लाकडात शिरतं. तिथे फांदीला गाठ येते, झाडाचा रस बांडगूळ ओढतं आणि गाठीपुढची फांदी वाळत जाते. ते काढायलाच हवं. सीतेच्या वेणीची मुळं सालीवरून नुसती पसरतात, आत जात नाहीत. पावसाचं पाणी, सालीच्या भेगांत साठलेला पालापाचोळा, धूळ यांवर तिचं भागतं, आणि अन्न ती स्वतःच्या जाड, पन्हळीसारख्या पानांत तयार करते. मेच्या अखेरीस या पानांच्या बेचक्यांतून वीतभर ते हातभर लांबीचे घोस लोंबतात. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट गुलाबी ठिपके, आणि एकेका घोसात शंभरावर फुलं. आसामात हेच ‘कोपौ फूल’ बिहूला बायका केसांत माळतात, ते त्या राज्याचं राज्यफूल आहे. आमच्याकडे मात्र अजून पुष्कळ ठिकाणी ते बांडगुळाबरोबर खरवडून टाकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

पावसाळी वाऱ्यात फांद्या मोडून पडतात, त्यांवरच्या वेण्या मी गोळा करते. खाली पडून राहिल्या तर लाकडाबरोबर त्याही कुजणार. जिवंत झाडावरची मात्र कधीच ओढून काढत नाही, कारण मुळं सालीला इतकी घट्ट चिकटलेली असतात की ओढली की तुटलीच. मोडलेल्या फांदीची साल मुळांसकट सोलून घ्यायची आणि आंब्याच्या किंवा फणसाच्या खरबरीत बुंध्यावर, सकाळचं ऊन येईल अशा बाजूला, सुती चिंधीने बांधायची. नवी मुळं धरेपर्यंत चिंधी आपोआप कुजून गळते. तार किंवा प्लॅस्टिकची दोरी मुळांत रुतते. शेंडा किंचित तिरका ठेवायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. ही वेणी महिनोन्महिने कोरड्यात तग धरते, पण वारा नसताना शेंड्यात पाणी साचून राहिलं तर आतला कोंभ तपकिरी पडतो आणि मधलं पान अलगद हातात येतं. मग ते झाड वाचणं कठीण.

पाणी कधी घालायचं हे मुळंच सांगतात. त्यांच्यावर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं. पाणी शिंपडलं की बघता बघता हिरवं होतं. हिरव्यावर पुन्हा पाणी नाही. उन्हाळ्यात सकाळी एक फवारा पुरतो, पावसाळ्यात तोही नको. पानं गडद हिरवी, लुसलुशीत आणि फूल नाही, म्हणजे उजेड कमी पडतोय. मुळांची कोवळी टोकं रात्री गोगलगायी खातात, म्हणून पावसाळ्यात बॅटरी घेऊन मी एक फेरी मारते. पानांना खवले कीड लागली तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ फडक्याने पुसून काढते. कुंडीत माती आणि शेणखत घालून वेणी लावणारे पुष्कळ भेटतात. त्यांची हौस खरी, पण मातीत तिच्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

एका बोंडात लाखो बिया असतात, धुळीसारख्या. बीमध्ये अन्नसाठा नसतो, त्यामुळे योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ती रुजते, आणि रुजल्यावर फूल यायला काही वर्षं जातात. जुन्या आंब्यावरचा एक मोठा जुंबाडा भरून यायला एवढा काळ गेलेला असतो. ऑर्किडचं सारं कुळच ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं, त्यामुळे रानातल्या ऑर्किडांच्या परदेशी व्यापारावर बंधनं आहेत. गावच्या बाजारात मात्र आपणच गिऱ्हाईक असतो. रानातून ओरबाडून आणलेली वेणी कुणी विकायला बसला, तर कृपा करून घेऊ नका. हौस असेल तर बियांपासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं रोपवाटिकेत मागा.